न्यायमूर्ती अंपोमा, मुक्काम हडपसर

२१ जुलै २०२५, सोमवार

काल सकाळी आंघोळ केली, देवापुढे दिवा लावला आणि सरळ दिगंबरच्या रंगाच्या दुकानात जाऊन सांगून आलो, की यंदाचा देखावा मी लिहितो. तो चहा मागवत होता, तेवढंही थांबलो नाही. थांबलो असतो तर शब्द मागे घेतला असता.

दिगंबर आमच्या गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष. दर गणपतीत आमचा जिवंत देखावा असतो. आधी आवाज रेकॉर्ड करून घ्यायचे आणि मग गल्लीतलीच माणसं स्टेजवर त्या आवाजावर ओठ हलवतात, हातवारे करतात. गेली तीन वर्षं आमचा देखावा आणि पुढच्या चौकातल्या मंडळाचा देखावा एकच निघतोय, अफझलखान. मागच्या वर्षी तर बायका विचारत होत्या, "इथला मेला का, का अजून आहे?"

दिगंबरने विचारलं, "विषय काय तुमचा?"

"आफ्रिकेतले एक न्यायाधीश. इंग्रजांच्या राज्यातले, पण तिथलेच. काळे."

त्याने ब्रश पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं. "वैजूभाऊ, गणपती हडपसरचा आहे."

"गणपती बुद्धीचा आहे," मी म्हणालो. कसं सुचलं कोण जाणे.

"बरं. लिहा. खान काय, कपाटात आहेच."

घरी येऊन सुनीतीला सांगितलं. ती डाळ निवडत होती. म्हणाली, "चांगलं झालं. रोज रात्री मला एकटीला सांगता, आता गल्लीला सांगा."

मी कोर्टात शिपाई आहे. रजेचा अर्ज आणि ही रोजनिशी, याखेरीज आजवर काही लिहिलेलं नाही. शिक्षण आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात, एका खोलीतल्या चार वर्गांत. गणराया, लाज राख.

२४ जुलै, गुरुवार

विषय माझ्या डोक्यात कुठून आला ते लिहून ठेवतो.

आमच्या वरच्या खोलीत कोजो राहतो. कोजो अंपोमा, घाना देशाचा. कॉम्प्युटर शिकायला पुण्यात आला, आता तिसरं वर्ष. मराठी त्याने खानावळीत आणि बसमध्ये उचलली, त्यामुळे "पुढे सरका" हे तो फार छान म्हणतो. मी कोर्टात आहे हे कळल्यावर एकदा तो म्हणाला, "काका, माझा पणजोबा जज होता. ब्रिटिश टाइम." आणि त्याने घानात आजीला व्हिडिओ फोन लावून दिला.

ही आजी म्हणजे न्यायमूर्ती क्वेसी अंपोमा यांची धाकटी मुलगी. शहाऐंशी वर्षांची. केस कापसासारखे, अंगावर पिवळंजर्द कापड. मध्ये कोजो दुभाषी. तिने विचारलं, कोर्टात काय करता? मी म्हणालो, "सकाळी साहेबांचं टेबल-खुर्ची पुसतो, खुर्चीला नमस्कार करतो. साहेब आले की खुर्ची मागे ओढून धरतो, ते बसले की पुढे सरकवतो. मग दाराशी जाऊन पक्षकारांचा पुकारा करतो. नाव तीनदा घ्यायचं, आणि असं घ्यायचं, की म्हाताऱ्या माणसालाही आपलं वाटलं पाहिजे."

कोजोने हे सगळं चार शब्दांत सांगितलं. आजी हसायला लागली. बराच वेळ काहीतरी बोलली.

"काय म्हणाल्या?"

"मला म्हणते, तू कमी सांगितलं. म्हणते, तिच्या बाबांच्या कोर्टात असं चालत नव्हतं."

मग तिने गोष्ट सांगितली. वडील कोळ्याचा मुलगा. मिशनच्या शाळेत शिकले आणि इंग्रज न्यायाधीशाच्या कोर्टात दुभाषी म्हणून लागले. अकरा वर्षं साहेबाच्या खुर्चीमागे उभे राहून लोकांचं बोलणं इंग्रजीत सांगितलं. मग पैसे साठवून बोटीने विलायतेला गेले, बॅरिस्टर झाले, खूप वर्षं लहान कोर्टात काम केलं, आणि केस पांढरे झाल्यावर त्याच इमारतीत न्यायाधीश म्हणून आले. गोऱ्या न्यायाधीशांच्या क्लबात त्यांना प्रवेश नव्हता. ते दुपारी कोर्टाच्या मागच्या पायरीवर डबा खात, आणि लोक सांगतात, त्या पायरीवर त्यांनी जेवढी भांडणं मिटवली तेवढी आत खुर्चीवरही नाही.

एवढं ऐकल्यावर झोप कशी लागणार? अकरा वर्षं ज्या खुर्चीमागे उभा राहिला, त्याच खुर्चीवर. हा माणूस लोकांना दाखवायला पाहिजे असं वाटलं. का एवढं वाटलं ते नीट सांगता येत नाही. गोष्टच चांगली आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

लिहून झालं. एकच खटला घेतला, आजीने सांगितलेला. किनाऱ्यावर मासे वाळवणारी एक बाई. शेजारी इंग्रज कंपनीच्या मॅनेजरचा बंगला. वास येतो म्हणून त्याने टोपल्या जप्त केल्या. बाई कोर्टात तिच्या भाषेत धडाधडा बोलते, आणि दुभाषी सांगतो, "ती नाही म्हणते." न्यायाधीश अंपोमा म्हणतात, "बाई बोलली तेवढं सगळं सांगा. त्यात मला शिव्या असतील तर त्यासुद्धा." शेवटी निकाल: "वास समुद्राचा आहे. समुद्रावर समन्स काढता येत नाही. टोपल्या परत करा."

माणसं ठरली. मासेवाली आमच्या कोपऱ्यावरची भाजीवाली हेमा. रोज पहाटे मंडईतून माल आणते, आवाज आभाळापर्यंत. दुभाषी दिगंबर स्वतः. कोर्टाचा शिपाई मी, ते काम मला येतं. गोरा मॅनेजर आणि न्यायाधीश अजून मिळायचे आहेत.

न्यायाधीश कसा हवा ते मी दिगंबरला सांगितलं. पन्नाशीच्या आसपासचा. आवाज मोठा नको, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे. कोर्टात कसं वागतात हे माहीत असलेला. अंगाने किरकोळ चालेल.

"आणि रंगाने?" दिगंबर म्हणाला.

"माझ्यासारखा असला तरी चालेल."

तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. त्याला असा कोणी आठवत नसावा.

संध्याकाळी सुनीतीने न्यायाधीशाचा काळा झगा बेतायला घेतला. कोणालाही बसेल असा शिवते म्हणाली आणि माझ्या खांद्यांचं माप घेतलं. बाह्यांचंही घेतलं.

९ ऑगस्ट, शनिवार

आवाज रेकॉर्ड करून आलो. बुधवार पेठेत सुदर्शनचा स्टुडिओ आहे, म्हणजे स्पीकरच्या दुकानामागची खोली. गोधड्या लावलेल्या भिंती, पंखा बंद. घामाने सगळे निथळत होतो.

हेमाने कागद हातात घेतलाच नाही. "वाचून भांडायचं व्हय? कुणावर वराडायचंय तेवढं सांगा." समोर दिगंबरला उभं केलं. मग तिने जे सुरू केलं त्यात मासे कमी आणि गेल्या महिन्यात दिगंबरने तिच्या हातगाडीवर सांडलेला रंग जास्त होता. सुदर्शन हसत हसत खाली बसला. म्हणाला, "हेच ठेवू. नुसतं टोमॅटो म्हणाल्यात तेवढं कापतो."

न्यायाधीशाचा आवाज द्यायला कोणी नव्हतं. सुदर्शन म्हणाला, "काका, तुम्हीच बोला तात्पुरतं. माणूस मिळाला की बदलू." मी बोललो. समुद्राचं वाक्य झालं तेव्हा खोलीत कोणी हललं नाही. मला वाटलं चुकलं.

"परत घेऊ का?" मी विचारलं.

"नको," सुदर्शन म्हणाला. "टेप भरली." त्याच्याकडे टेप नसते, सगळं कॉम्प्युटरवर असतं, हे मला बसमध्ये आठवलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज वाईट होता होता चांगलं झालं.

मंडपात बैठक होती. दिगंबर एक डबा घेऊन आला. म्हणाला, न्यायाधीश मिळाला, त्याचा भाचा मच्छिंद्र. गोरापान आहे, पण हा काळा रंग एकदम मॅट बसतो आणि पाण्याने निघतो. ओठांना थोडा लाल. मच्छिंद्र हसत होता. कोजो माझ्या शेजारीच बसला होता.

देखावा कोजो आजीला फोनवर दाखवणार हे ठरलेलं होतं. हीच गोष्ट मी लोकांसमोर न्यायची म्हणालो होतो, आणि आता पिवळ्या कापडातली ती म्हातारी फोनवर आपल्या वडिलांच्या जागी हे बघणार होती.

कोजो उठला. डबा हातात घेऊन वाचला. म्हणाला, "छान आहे. गोरा मॅनेजर कोण?"

"अजून नाही," दिगंबर म्हणाला.

"मी करतो. मला पांढरा लावा." आणि हात पुढे केला. "दिगंबरकाका, तुम्ही रंगवाले. पांढऱ्याचे किती हात लागतील?"

सगळे हसले. दिगंबरही हसायला लागला, पण मधेच थांबला. कोजोच्या पुढे केलेल्या हाताकडे बघत राहिला. मग डबा घेतला आणि झाकण घट्ट बसवलं.

"कुणालाच नको," तो म्हणाला. "साहेबाला हॅट पुरेल."

"आणि जजला झगा," कोजो म्हणाला.

मला फार आनंद झाला. म्हणालो, चला, म्हणजे आता कोणीही न्यायाधीश होऊ शकतो. यावर हेमा म्हणाली, "आवं वैजूभाऊ, सगळ्या गल्लीला म्हाईत हाय कोण हुणार ते. तुमाला एकट्यालाच नाय."

"कोण?"

सुनीतीने पिशवीतून झगा काढला आणि माझ्या खांद्यावर टाकला.

१३ ऑगस्ट, बुधवार

नाही म्हणून सांगून आलो. जमणार नाही. आवाज दिला इथपर्यंत ठीक. पण त्या खुर्चीवर बसायचं म्हणजे देवाच्या पाटावर बसल्यासारखं आहे. जिला मी रोज सकाळी हात जोडतो, तिला पाठ कशी टेकणार? स्टेजवरची खुर्ची भाड्याची आहे हे मलाही कळतं. पण कोर्टातली तरी कुठे वेगळ्या लाकडाची असते? ती ज्या कामासाठी आहे त्याने ती खुर्ची होते.

दिगंबर म्हणाला, "बसा नाहीतर नका बसू. पण मग मच्छिंद्र आहे, आणि लोकांना तो न्यायाधीश वाटणार नाही म्हणून डबाही उघडावा लागेल. मला दुसरं सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर सांगा."

मला सुचलं नाही. करतो म्हणालो.

१९ ऑगस्ट, मंगळवार

न्यायाधीशाचा झगा घालणं शिपायाला गैर तर नाही, ही शंका मनातून जाईना. शेवटी आज कोर्ट उठल्यावर मॅडमनाच विचारलं. आमच्या न्यायाधीश मॅडम मोजकं बोलतात.

"नाटक आहे?"

"गणपतीचा देखावा, मॅडम."

"नाटकात राजाचं काम करणाऱ्याला कोणी खरा कर देत नाही, वैजनाथ." फायली आवरून झाल्यावर म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून मी रोज खुर्ची न बघता बसते. पडेन असं कधी वाटलं नाही." मग विचारलं, देखावा कुठे आणि कधी. रजेसाठी विचारत असतील म्हणून मी सांगितलं, शनिवारी संध्याकाळी आहे, कामाला खाडा नाही.

परवानगी मिळाली, तरी मन हलकं झालं नाही. म्हणजे अडचण परवानगीची नव्हती.

२४ ऑगस्ट, रविवार

पहिली रंगीत तालीम. हसावं की रडावं कळत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

संगीत झालं. सगळे उभे राहिले. मी झगा घालून आलो, खुर्चीपाशी गेलो, ती मागे ओढली, आणि तिच्या मागे हात बांधून उभा राहिलो. साहेबांची वाट बघत.

स्पीकरमधून माझाच आवाज आला, "बसा. कामकाज सुरू करा." खुर्ची रिकामी आणि मी मागे. मला कळेना सगळे माझ्याकडे का बघतायत. मी डोळ्यांनी खुणावलं, बसा ना.

"देवच बोलाय लागला की खुर्चीतनं," हेमा म्हणाली.

दुसऱ्यांदा बसलो, पण काठावर. हेमा पिंजऱ्यात आली तशी सवयीने उठलो. म्हातारी माणसं आली की मी त्यांना हात देतो. "न्यायाधीश माझ्यासाठी उठतोय," ती म्हणाली, "आता निकाल काय लागायचा राहिलाय?" तिसऱ्यांदा बसलोच नाही. पायच पुढे गेले नाहीत.

मंडपात हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही हसलो. पण दिगंबर मला बाजूला घेऊन म्हणाला, "वैजूभाऊ, शनिवारी कोजोची आजी घानातून बघणार आहे. शनिवारी पण असंच झालं, तर रविवारपासून मच्छिंद्र. मग डबा. मी मुद्दाम नाही करत, मंडळ आहे."

घरी दोन तास प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो. सुनीती म्हणाली, "आता उठा, जेवायचंय. या खुर्चीवर तर तुम्ही वीस वर्षं बसताय."

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. मंडपातली मूर्ती प्रसन्न आहे. आरतीनंतर सगळे प्रसादाला गेले तेव्हा मी थोडा मागे राहिलो. मागायचं होतं की मला बसण्याचं बळ दे, पण तसं मागणं बरं वाटेना. एवढंच म्हणालो, तुझ्या मंडपात कोणाच्या वडिलांचा अपमान होऊ देऊ नकोस. मोदक दोन खाल्ले.

३१ ऑगस्ट, रविवार

घरात आज महालक्ष्म्या बसायच्या आहेत. सुनीती मुखवटे पुसतेय आणि मला सारखी हाका मारतेय. तरी हे लिहून उठतो. काल संध्याकाळी पहिला देखावा झाला. लागोपाठ पाच वेळा दाखवावा लागला, कारण गर्दी हटेना. पुढच्या चौकातला खान रिकामा पडला. त्याचा वाघनखंवाला स्वतः आमच्याकडे बघायला आला होता. समुद्राच्या वाक्याला दर वेळी शिट्ट्या आल्या. हेमाला आता "मासेवाली" म्हणून हाक मारतायत, आणि तिने त्यावरही भाव वाढवलाय. आमच्या मॅडम साध्या साडीत गर्दीच्या कडेला उभ्या होत्या. या वस्तीत कोणाकडे आल्या असतील, विचारायचं राहिलं.

आता मुख्य गोष्ट.

पहिला प्रयोग, साडेसात. घानात तेव्हा दुपारचे दोन. सुनीती पुढच्या रांगेत फोन उंच धरून बसली होती, फोनमध्ये आजी. पडदा सरला. स्टेजवर सगळे उभे: हेमा टोपलीजवळ, दिगंबर कागद घेऊन, कोजो डोक्यावर साहेबी हॅट घालून. मच्छिंद्रने शिपायाचा पट्टा बांधला होता. संगीत थांबलं. मी आलो. मच्छिंद्रने खुर्ची मागे ओढली, मी शिकवली तशी, बरोबर. आणि माझे पाय जागच्या जागी राहिले.

हे तालमीसारखं नव्हतं. या वेळी मी साहेबांची वाट बघत नव्हतो. मी बसणार आहे हे मला माहीत होतं, आणि तरी बसवत नव्हतं. खुर्चीच्या हातावर बोटं ठेवून उभा राहिलो. सुदर्शनने आवाज रोखून धरला. दिगंबरची नजर मच्छिंद्रकडे गेली, तेही मला दिसलं.

मग कोजो जागा सोडून माझ्याजवळ आला. गोऱ्या मॅनेजरच्या ऐटीत, जणू काही तक्रारच सांगायला. हॅटआडून हळू बोलला, "काका, आजी उभी आहे."

मी सुनीतीच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. एवढ्याशा चौकोनात पिवळं कापड, पांढरे केस. आजी एका टेबलाला धरून उभी होती. तिच्यामागे घरातली माणसं, लहान मुलं, सगळी उभी.

"बाबांचं कोर्ट आहे म्हणते. जज बसल्याशिवाय ती बसत नाही," कोजो म्हणाला. "मी आधीच फोनवर सांगितलं, नाटक आहे, तू बस. ऐकत नाही. काका, तिचे गुडघे फार दुखतात."

इतकी वर्षं मी हेच बघत आलोय. साहेब आत येतात, सगळं कोर्ट उभं राहतं. वकील, पोलीस, काठी टेकत आलेली माणसं. ते बसेपर्यंत कोणी बसत नाही. एखादे साहेब दारातच कोणाशी बोलत थांबले, तर मला त्या काठीवाल्यांचे पाय दिसायचे आणि मनात म्हणायचो, बसा आता, साहेब, तुमच्यासाठी माणसं उभी आहेत. आणि काल तो दारात थांबलेला साहेब मी होतो.

मी खुर्चीला हात लावून कपाळाला लावला. मच्छिंद्रकडे पाहून मान हलवली, म्हणजे सरकव. आणि बसलो. काठावर नाही. नीट मागे, पाठ टेकून.

फोनमध्ये आजी टेबल सोडून हळूहळू खाली बसली.